लाकडी पेटीतला कॉम्प्युटर

घरी स्वतःच्या हाताने कॉम्प्युटर जुळवणाऱ्या कुणी लाकडी कॅबिनेटचा विषय काढला, की ऐकणाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "अहो, पण ते पेट नाही का घेणार?" प्रश्न रास्त आहे. आत वीज खेळते, पंखे फिरतात, मागून गरम हवा येते. आणि लाकूड म्हटले की आपल्याला सरपण आठवते. या प्रकरणाची सुरुवात त्याच शंकेपासून करू. मात्र लाकडी पेटी बनवताना खरी कसोटी लागते ती वेगळ्याच ठिकाणी, आणि तिच्याकडे आपण लवकरच वळणार आहोत.

१. पेट घेणार नाही का?

कॉम्प्युटरमधला सगळ्यात तापट भाग म्हणजे प्रोसेसर. त्याचे तापमान ९५ ते १०० अंश सेल्सिअसच्या आसपास गेले की तो आपला वेग आपणच कमी करतो, आणि तरीही तापत राहिला तर कॉम्प्युटर बंद पडतो. ही सोय चिपमध्येच केलेली असते. लाकडाला पेट घ्यायला साधारण २५० ते ३०० अंशांपर्यंत तापावे लागते, तेही जवळ ज्योत किंवा ठिणगी असताना. शिवाय प्रोसेसर लाकडाला टेकलेला नसतो. त्याच्यावर धातूचा कूलर असतो, कूलरवर पंखा असतो आणि पेटीच्या भिंतींना लागते ती फार तर ४०-५० अंशांची हवा. तेव्हा तापलेल्या प्रोसेसरमुळे पेटी पेटेल ही भीती सोडून द्यायला हरकत नाही. गरम होणाऱ्या प्रत्येक भागापासून लाकूड दोन-तीन सेंटिमीटर दूर ठेवले की झाले.

जपायचे ते जोडण्यांना. भिंतीतली २३० व्होल्टची वीज पॉवर सप्लायच्या पत्र्याच्या डब्यात शिरते आणि त्यातून पुढे १२ व्होल्ट किंवा त्याहून कमी दाबाने बाहेर पडते. १२ व्होल्ट म्हणजे काहीच नाही, असे वाटते. पण हिशेब करून पाहा. ३०० वॅट शक्ती १२ व्होल्टने पुरवायची तर ३०० भागिले १२, म्हणजे २५ अँपिअर प्रवाह लागतो. दोन किलोवॅटचा गिझरसुद्धा ९ अँपिअरच्या आत भागवतो. एवढा प्रवाह वाहणारी पिन अर्धवट बसली असेल, तर त्या अर्धवट जागीच उष्णता साठते. २०२२ साली आलेल्या काही ताकदवान ग्राफिक्स कार्डांच्या १६ पिनांच्या जोडण्या वितळल्याच्या बातम्या जगभर झाल्या, आणि तपासात पुढे आलेले एक मोठे कारण म्हणजे प्लग पूर्ण आत न गेलेला असणे. म्हणून लाकडी पेटीत वायरींना वळायला ऐसपैस जागा ठेवावी, प्रत्येक प्लग 'टक्' आवाज येईपर्यंत दाबावा, आणि जागा वाचवण्यासाठी पॉवर सप्लायचा पत्र्याचा डबा कधीही उघडू नये. आत काही बिघडलेच, तर आग तिथेच कोंडून ठेवणारी भिंत तीच आहे.

२. सुरुवात लाकडापासूनच

कॉम्प्युटरला लाकडाचे वावडे आहे ही समजूत बरीच अलीकडची. १९६४ साली कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये डग्लस एंगलबार्ट यांच्या कल्पनेवरून बिल इंग्लिश यांनी पहिला माउस घडवला, तो लाकडाच्या ठोकळ्यातून. खाली दोन चाके आणि वर एक बटण.

१९७६ मध्ये ॲपल-१ बाजारात आला, तेव्हा ६६६ डॉलर ६६ सेंट मोजून गिऱ्हाइकाच्या हाती पडत होता तो नुसता सर्किट बोर्ड. ट्रान्सफॉर्मर, कीबोर्ड, पडदा आणि पेटी ज्याची त्याने बघायची. लोकांनी आपापल्या घरी किंवा सुताराकडून लाकडी पेट्या करवून घेतल्या. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयातला ॲपल-१ अशाच हातबनावटीच्या लाकडी पेटीत आहे. हवाईच्या कोआ नावाच्या लाकडाच्या पेटीतला एक ॲपल-१ नोव्हेंबर २०२१ मध्ये लिलावात ४ लाख डॉलरला गेला. त्याच १९७६ सालच्या सोल-२० या कॉम्प्युटरच्या दोन्ही बाजू अक्रोडाच्या लाकडाच्या होत्या.

पुढे प्लास्टिकचे साचे स्वस्त झाले, पत्रा दाबून पेट्या काढणे सोपे झाले आणि लाकूड मागे पडले. आता ते परत येऊ लागले आहे. फ्रॅक्टल डिझाइन या स्वीडिश कंपनीने २०२२ मध्ये काढलेल्या 'नॉर्थ' या पेटीच्या दर्शनी भागात अक्रोड किंवा ओकच्या खऱ्या पट्ट्या आहेत. बाकी सगळी पेटी मात्र पोलादाचीच. त्यामागे कारण आहे आणि ते समजून घेतले की अर्धे काम झाले.

३. लाकूड हलते

मदरबोर्ड काचेच्या तंतूंचे कापड आणि एपॉक्सी रेझिन यांच्या थरांचा बनलेला असतो. जुलैतल्या रत्नागिरीत आणि मे महिन्यातल्या नागपुरात त्याचे माप तेच राहते. लाकूड तसे नाही. तोडलेल्या झाडाची फळीही आयुष्यभर हवेतला ओलावा घेत आणि सोडत राहते. ओलावा घेतला की फुगते, सोडला की आकसते. पावसाळ्यात घट्ट होणारे दार उन्हाळ्यात सैल होते ते यामुळेच.

यातली मेख अशी, की फळी सगळ्या दिशांना सारखी हलत नाही. तंतूंच्या लांबीच्या दिशेने ती जवळजवळ हलतच नाही. तंतूंना आडवी, म्हणजे फळीच्या रुंदीत, ती चांगली हलते. खोडाला स्पर्शरेषेत कापलेली फळी सगळ्यात जास्त.

एक उदाहरण करू. सागवान हे हालचालीच्या बाबतीत गुणी लाकूड मानले जाते. तरी स्पर्शरेषेत कापलेल्या सागवानाची रुंदी लाकडातल्या ओलाव्याच्या दर एक टक्का बदलामागे साधारण ०.१९ टक्के बदलते. आपली फळी ३०० मिलिमीटर रुंद आहे. कडक उन्हाळ्यात तिच्यात ८ टक्के ओलावा आहे आणि कोकणातल्या भर पावसात तो १६ टक्क्यांवर गेला असे धरू. फरक ८ टक्क्यांचा. ८ गुणिले ०.१९ म्हणजे सुमारे दीड टक्का. ३०० मिलिमीटरचा दीड टक्का म्हणजे साडेचार मिलिमीटर.

यूएसबीच्या नेहमीच्या चपट्या प्लगची जाडी किती असते? साडेचार मिलिमीटर. म्हणजे मार्चमध्ये बोर्डासमोर अचूक कापलेले भोक ऑगस्टमध्ये प्लगच्या पूर्ण जाडीइतके सरकू शकते. बोर्डाचे स्क्रू थेट फळीत घट्ट पिळले असतील तर आणखी वाईट. फळी बोर्डाला ताणते. फळी जिंकली तर बोर्ड वाकतो आणि त्यावरचे बारीक डाग, म्हणजे सोल्डरचे सांधे, तडकू लागतात. बोर्ड जिंकला तर फळी स्क्रूच्या रेषेत उलते. पॉलिशने ओलाव्याची ये-जा मंदावते, थांबत नाही. त्यामुळे वर्षभरातला फरक गणितापेक्षा कमी भरेल, पण शून्य होणार नाही.

पोलादी सांगाडा आणि लाकडाचा चेहरा अशी विभागणी कारखाने करतात ती याच कारणाने. हाताने पेटी करणाऱ्यानेही हाच नियम मनाशी पक्का धरावा: बोर्ड, पॉवर सप्लाय आणि मागची पट्टी एकमेकांना धातूने जोडलेली असावीत, आणि तो धातूचा सांगाडा लाकडी पेटीत अशा रीतीने बसवावा की लाकडाला हलायला वाव राहील. मला विचाराल तर लाकडी कॅबिनेटची सगळी कारागिरी या वाक्यात आहे. कोपऱ्यांचे नक्षीदार जोड नंतर.

वाव ठेवायचा कसा? सांगाडा पेटीला मागच्या कडेला घट्ट बसवायचा, कारण सगळी तोंडे तिथेच उघडतात. पुढच्या कडेला मात्र धातूच्या पट्टीत गोल भोकाऐवजी आठ-दहा मिलिमीटर लांबीचे लांबट भोक पाडायचे, त्यात वॉशर घालून स्क्रू हलका आवळायचा. फळी पुढे-मागे झाली की स्क्रू त्या भोकात सरकतो आणि बोर्डाला काही कळतही नाही. आपल्याकडच्या जुन्या दारांत चौकटीच्या खाचेत मधली फळी विनाखिळ्याची, विनासरसाची सोडलेली असते. सुतारांनी हे कोडे कितीतरी आधी सोडवून ठेवले आहे.

दुसरी काळजी रेषांच्या दिशेची. पेटीच्या वरच्या, खालच्या आणि दोन्ही बाजूंच्या फळ्यांची रेषा पेटीभोवती फिरत गेली पाहिजे. म्हणजे उभ्या बाजूंत रेषा उभी, वरच्या-खालच्या फळ्यांत आडवी. तसे केले की चारही फळ्या एकाच दिशेने, पेटीच्या खोलीत, फुगतात आणि आकसतात. कोपऱ्यात भांडण होत नाही. एका फळीची रेषा उभी आणि तिला चिकटवलेल्या दुसरीची आडवी लागली तर तो जोड एका पावसाळ्यात बोलू लागेल.

४. मग कोणते लाकूड?

नवशिक्याला माझा सल्ला प्लायवूडचा आहे. त्यात लाकडाचे पातळ थर एकमेकांना काटकोनात चिकटवलेले असतात. एक थर ज्या दिशेला फुगू पाहतो, त्याच दिशेला शेजारच्या थराचे तंतू लांबीने पसरलेले असतात आणि ते त्याला रोखून धरतात. त्यामुळे प्लायची हालचाल फळीच्या मानाने नगण्य असते. १२ मिलिमीटरची, म्हणजे सुताराच्या भाषेत चार सुती, प्लाय पेटीला पुरते. सागवानाचे पातळ व्हिनिअर चढवलेली टीक प्लाय घेतली तर दिसायलाही सागवानच. कापल्यावर कडेला थर उघडे पडतात, तिथे सागवानी पट्टी लावावी.

खऱ्या फळीचा आग्रह असेल तर जुने सागवान शोधावे. पाडलेल्या वाड्यांचे आणि चाळींचे वासे, तुळया, चौकटी वखारीत विकायला येतात. पन्नास-शंभर वर्षे हवेत राहिलेले हे लाकूड चांगले मुरलेले असते. पण रंधा मारण्याआधी ते लोहचुंबकाने तपासून घ्यावे. आत मोडून राहिलेला एक खिळा रंध्याच्या पात्याची धार घालवतो. सागवानात निसर्गतःच तेल असते आणि थोडी सिलिकाही. तेलामुळे सरस धरत नाही, म्हणून चिकटवायच्या कडा चिकटवण्याच्या अगदी आधी पॉलिश पेपरने घासून थिनरच्या फडक्याने पुसायच्या. सिलिकामुळे हत्यारांची धार लवकर जाते, तेव्हा पटाशी वारंवार दगडावर घ्यावी लागते. फणसाचे लाकूडही सुरेख. नवे असताना पिवळेधमक, पुढे तांबूस होत जाणारे.

एमडीएफ मात्र मी टाळीन. कापायला सोपे, पण दमट हवेत कडांना फुगते आणि एकदा फुगलेली कड परत बसत नाही. त्यात स्क्रूही दोनदा-तीनदा काढघाल केल्यावर फिरतो. खरे तर वारंवार उघडायचे झाकण कुठल्याच लाकडात नुसत्या स्क्रूवर सोडू नये. हार्डवेअरच्या दुकानात बाहेरून जाड आटे आणि आतून मशीनस्क्रूचे आटे असलेले पितळी इन्सर्ट मिळतात. लाकडात भोक पाडून तो एकदा बसवला की झाकणाचा स्क्रू पितळेत फिरतो, लाकडात नाही.

५. आधी पुठ्ठा, मग करवत

बोर्डांची मापे ठरलेली आहेत आणि हे मोठे वरदान आहे. इंटेलने १९९५ मध्ये आणलेला एटीएक्स बोर्ड ३०५ बाय २४४ मिलिमीटर, त्याचा धाकटा भाऊ मायक्रो-एटीएक्स २४४ बाय २४४, आणि व्हीआयए कंपनीचा मिनी-आयटीएक्स १७० बाय १७०. नेहमीचा पॉवर सप्लाय १५० मिलिमीटर रुंद, ८६ उंच आणि १४० खोल. ताकदवान सप्लायची खोली वाढते. आकडे पाठ करायची गरज नाही. बोर्ड पुठ्ठ्यावर ठेवून पेन्सिलीने कडा आणि भोके उतरवून घ्यावीत.

चुकते ते सहसा रुंदीत, कारण बोर्डाच्या पाठीमागची आणि पुढची जागा डोळ्यांना दिसत नाही. एकेक थर मांडून बेरीज केली तर चुकायला जागा राहत नाही. बोर्ड ज्या पितळी खुंट्यांवर उभा राहतो त्या साडेसहा मिलिमीटर. बोर्डाची जाडी १.६. प्रोसेसर आणि त्याचे सॉकेट मिळून आठेक. त्यावर उभा कूलर, समजा १५५. कूलरचे डोके आणि झाकण यांत मोकळी जागा १०. एकूण १८१ मिलिमीटर आणि थोडे वर. ही आतली रुंदी झाली. दोन्हीकडून १२ मिलिमीटरची प्लाय धरली तर बाहेरून २०५. पोलादी पेटीची भिंत मिलिमीटरभरही नसते, म्हणून तयार पेटीचे बाहेरचे माप उतरवून लाकडी पेटी करायला गेलात तर कूलर झाकणाला अडतो.

सगळी पेटी आधी पुठ्ठ्याची करून, चिकटपट्टी लावून, आत भाग ठेवून बघावी. ग्राफिक्स कार्ड आत जाताना तिरके करावे लागते, त्याला हात घालायला जागा आहे का? प्लगला वळायला जागा आहे का? या प्रश्नांची उत्तरे कागदावरच्या चित्रातून मिळत नाहीत.

६. हवेचा हिशेब

लाकूड उष्णता वाहून नेत नाही. ॲल्युमिनियम तीच उष्णता हजारपटीहून अधिक चांगली नेते. मग लाकडी पेटीत भाग जास्त तापणार नाहीत का? फारसे नाही. पोलादी पेटीतसुद्धा पत्र्यातून झिरपून जाणारी उष्णता हा एकूण उष्णतेचा लहानसाच हिस्सा असतो. बाकीची सगळी उष्णता पंख्यांनी ढकललेली हवा घेऊन जाते. म्हणून विचार भिंतीचा करण्यापेक्षा वाटेचा करावा. जुन्या वाड्यात पुढचे दार आणि परसदार एका रेषेत असले की वारा घरभर फिरतो. एकच दार कितीही मोठे असले तरी तसा वारा येत नाही. पेटीचेही तेच. पुढून खाली हवा आत यावी, मागून वर बाहेर पडावी आणि वाटेत प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड लागावे.

किती हवा लागेल? एक लिटर हवा एक अंशाने तापवायला सुमारे १.२ जूल ऊर्जा लागते. आपला कॉम्प्युटर ३०० वॅट, म्हणजे सेकंदाला ३०० जूल उष्णता सोडतो. बाहेर पडणारी हवा आत येणाऱ्या हवेपेक्षा १० अंशांहून जास्त तापू नये असे ठरवू. प्रत्येक लिटर हवा मग १२ जूल उचलते. ३०० भागिले १२ म्हणजे सेकंदाला २५ लिटर. पंख्यांच्या खोक्यावर हा आकडा मिनिटाला घनफुटांत छापतात, त्या हिशेबाने सुमारे ५३. १२० मिलिमीटरच्या बऱ्याचशा पंख्यांवर असाच आकडा असतो, पण तो समोर काही नसताना मोजलेला. जाळी, फिल्टर, वायरी आल्या की तो बराच खाली येतो. तेव्हा दोन पंखे आत घेणारे आणि एक बाहेर टाकणारा असा बेत करावा. आत घेणारे जास्त असले की पेटीत दाब किंचित जास्त राहतो आणि धूळ सांध्यासांध्यांतून न शिरता फिल्टरवरच अडते. नागपुरातल्या मे महिन्यात खोलीच ४० अंशांवर असेल तर बाहेर पडणारी हवा ५० ची असणार. पंखा खोलीपेक्षा थंड काही करू शकत नाही.

आता वाटेचे तोंड. १२० मिलिमीटरच्या पंख्याचे तोंड साधारण ११३ चौरस सेंटिमीटर. पुढच्या फळीत तेवढीच मोकळी जागा हवी. हौशी माणसाला ड्रिलने सुबक भोकांची जाळी पाडावीशी वाटते. ६ मिलिमीटरचे एक भोक म्हणजे ०.२८ चौरस सेंटिमीटर. ११३ गाठायला अशी ४०० भोके पाडावी लागतील, आणि शेवटच्या भोकाशी लाकूड चिरकले तर सगळी फळी वाया. त्यापेक्षा उभ्या पट्ट्या लावाव्यात. ८ मिलिमीटर रुंद आणि १२० उंच अशा १२ फटी ठेवल्या की ११५ चौरस सेंटिमीटर होतात. मधल्या ११ पट्ट्याही ८ मिलिमीटरच्या धरल्या तर सगळी जाळी १८४ मिलिमीटरमध्ये बसते. हे एका पंख्याचे झाले. दुसऱ्यासाठी तीच रचना वर तशीच चालू ठेवायची. पट्ट्यांच्या मागे बारीक जाळी लावावी, पण ती सहज काढून धुता येईल अशी. लाकडी पेट्या तापण्याचे सगळ्यात नेहमीचे कारण धुळीने बुजलेली जाळी हे आहे, लाकूड नव्हे.

७. मागची बाजू

यूएसबी, नेटवर्क, आवाज यांची तोंडे जिथे उघडतात त्या मागच्या चौकोनाचे माप १५८.७५ बाय ४४.४५ मिलिमीटर. बोर्डासोबत येणारी पातळ पट्टी या चौकोनात आतून दाबून बसवायची असते. तिच्या कडेचे बारीक फुगवटे एक मिलिमीटरच्या आसपास जाडीच्या पत्र्याला चावून बसतात. १२ मिलिमीटर जाडीच्या लाकडाला ते पकडूच शकत नाहीत. शिवाय एवढ्या जाड भिंतीत तोंडे खोल जातात आणि प्लग आत पोचण्याआधीच त्याचे प्लास्टिकचे बूड लाकडाला अडते. म्हणून मागची बाजू धातूचीच हवी.

ती मिळवायची सोपी वाट भंगारात आहे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा कुठल्याही भंगारवाल्याकडे जुने कॅबिनेट मिळते. त्यातली बोर्ड बसवायची पाटी आणि मागचा पत्रा रिव्हेटने जोडलेले असतात. प्रत्येक रिव्हेटच्या डोक्यात मधोमध ड्रिल धरून डोके उडवले की भाग सुटे होतात. मग पाटी आणि मागचा पत्रा पुन्हा एकमेकांना रिव्हेटने किंवा छोट्या नटबोल्टने जोडून घ्यावेत. कापलेल्या पत्र्याच्या कडा कानशीने मारल्याशिवाय हात घालू नये. आता तुमच्याकडे बोर्डाच्या खुंट्या, कार्डांच्या खाचा आणि मागचा चौकोन, सगळे एकमेकांशी अचूक मापात असलेले तयार आहे. कार्डांच्या खाचांमधले अंतर २०.३२ मिलिमीटर असते; ते हाताने साधण्यात कुणी आठवडा घालवू नये.

लाकडी पेटीची मागची कड आतून दोन मिलिमीटर खोल खाचावी आणि पत्रा त्या खाचेत बसवावा. खाच पत्र्यापेक्षा दोन्ही बाजूंनी मिलिमीटरभर मोठी ठेवावी. बाहेरून पाहिले तर सागवानाच्या चौकटीत पत्रा बसलेला दिसतो आणि ती मिलिमीटरभर फट कुणाच्या नजरेला येत नाही.

या पत्र्याने आणखी एक काम साधते. मदरबोर्डाच्या स्क्रूच्या भोकांभोवती उघडा धातू असतो आणि तो अर्थिंगशी जोडलेला असतो. पितळी खुंट्या, पाटी, मागचा पत्रा आणि पॉवर सप्लायचा डबा असे सगळे जोडले गेले की अंगावरची स्थिर वीज यूएसबीच्या तोंडाला शिवताक्षणी चिपकडे न जाता पत्र्यातून निघून जाते. बोर्ड लाकडावर थेट ठेवूनही कॉम्प्युटर चालतो, कारण पॉवर सप्लायच्या काळ्या वायरी अर्थिंग पुरवतातच; पण ही दुसरी वाट गमावू नये. जुन्या घरांत सॉकेटला अर्थिंग नसते, तेव्हा पत्र्याच्या कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात. लाकडी पेटीत त्या जाणवणार नाहीत, म्हणून दोष गेला असे समजू नये. आधी इलेक्ट्रिशियनकडून सॉकेट दुरुस्त करून घ्यावे.

पोलादाचे आणखी एक काम रेडिओलहरी आत कोंडण्याचे. घरगुती कॉम्प्युटरच्या लहरींनी टीव्हीवर खरखर उमटू लागली, तेव्हा अमेरिकेच्या संचार आयोगाने १९७९ मध्ये त्यावर मर्यादा घातल्या आणि प्लास्टिकच्या पेट्यांतही आतून धातूचे आवरण आले. लाकूड या लहरी अडवत नाही. शेजारी रेडिओ ऐकत असाल तर पेटीला आतून पातळ ॲल्युमिनियमचा पत्रा लावून तो पाटीला जोडावा. तो बोर्डापासून दूर राहील आणि सुटून बोर्डावर पडणार नाही, इतका पक्का मारावा. तो नाही लावला तर एक फायदाही आहे: वायफायचा अँटेना पेटीच्या आतच राहू शकतो, लाकडातून सिग्नल सहज पार होतो.

८. बटण आणि पॉलिश

कॉम्प्युटर सुरू करणारे बटण वीज जोडत किंवा तोडत नाही. ते बोर्डावरच्या दोन पिना क्षणभर जोडून बोर्डाला फक्त खूण करते. त्यामुळे दाबून सोडले की उघडणारे कुठलेही बटण चालते, अगदी दारावरच्या बेलचे पितळी बटणसुद्धा. मात्र ते आत दिवा नसलेले आणि नवे हवे. सागवानाच्या फळीत असे बटण देखणे दिसते.

पॉलिशला हात लावण्यापूर्वी सगळे इलेक्ट्रॉनिक भाग दुसऱ्या खोलीत ठेवावेत; लाकडाचा भुसा पंख्यांच्या बेअरिंगमध्ये आणि सॉकेटच्या पिनांत शिरतो. पॉलिश पेपर १२० पासून २४० पर्यंत, नेहमी रेषेच्या दिशेने. त्यानंतर स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या चपड्याचे हात द्यावेत. आणि हे विसरू नये: जितके हात बाहेरून, तितकेच आतून. बाहेरून पॉलिश आणि आतून कोरडे लाकूड राहिले तर ओलावा एकाच बाजूने आत शिरतो आणि फळी पन्हळासारखी वाकते. आतली बाजू कुणाला दिसत नाही म्हणून सोडली जाते आणि वर्षभराने झाकण बसेनासे होते.

पुष्कळांना जवसाच्या तेलाची मंद चमक आवडते. तेल चांगलेच आहे, पण त्याने भिजलेले फडके चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचे तेल हवेतला प्राणवायू घेऊन सुकते आणि तसे सुकताना उष्णता सोडते. पसरलेल्या फडक्यातून ती निघून जाते. बोळ्यात ती साठत जाते आणि काही तासांत फडके आपोआप पेटू शकते. या सगळ्या उद्योगातली आगीची सगळ्यात खरी शक्यता हीच. फडके पाण्यात बुडवावे किंवा अंगणात दोरीवर एकेरी पसरून वाळवावे.

९. चालवून पाहणे

पॉलिश पूर्ण सुकून वास गेल्यावरच भाग बसवावेत. पहिली चाचणी उदबत्तीची. पंखे चालू करून पेटलेली उदबत्ती पुढच्या फटींसमोर धरली की धूर आत ओढला गेला पाहिजे आणि मागच्या पंख्याजवळ बाहेर ढकलला गेला पाहिजे. झाकणाच्या सांध्याशी धूर आत जात असेल तर हवा फिल्टर टाळून शिरते आहे. तिथे फोमची पट्टी चिकटवावी. धूर भागांवर बसू नये म्हणून हे दोन-चार मिनिटांत उरकावे.

दुसरी चाचणी तापमानाची. झाकण काढून कॉम्प्युटरला अर्धा तास जड काम द्यावे आणि प्रोसेसरचे तापमान टिपावे. मग झाकण लावून, खोली तितकीच गरम असताना, पुन्हा अर्धा तास. दोन आकड्यांत पाचेक अंशांचा फरक पडला तर पेटी उत्तम झाली आहे. दहाच्या वर गेला तर हवा कुठेतरी अडते आहे. आधी जाळी काढून मोजावे. तेवढ्याने फरक कमी झाला तर जाळी विरळ घ्यावी, नाहीतर पट्ट्यांमधली एक सोडून एक पट्टी काढून पुन्हा मोजावे. आणि पहिल्या पावसाळ्यात, जुलैच्या अखेरीस, मागच्या पत्र्याभोवतीची फट आणि पुढच्या लांबट भोकांतले स्क्रू एकदा पाहावेत. स्क्रू भोकाच्या टोकाला टेकला असेल तर कानशीने भोक दोन मिलिमीटर वाढवायचे.